भावनेचे पंचांग

पंचांगात तिथी पाहून शोक करता येतो काय? प्रश्न वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. दुःख सांगून येत नाही आणि आनंद बोलावून येत नाही, हे आपण सर्वच जाणतो. 'येत्या शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात मी शोकमग्न असेन आणि रविवारी पहाटेपासून आनंदात असेन,' असे कोणी आपल्याला सांगितले, तर त्याच्याकडे आपण संशयाने पाहू. तथापि ख्रिस्ती चर्चने शतकानुशतके आपल्या अनुयायांकडून याच स्वरूपाची अपेक्षा केली आहे. वर्षाचे काही आठवडे वाट पाहण्याचे, काही आनंदाचे, काही पश्चात्तापाचे. आणि त्या प्रत्येकासाठी धर्मगुरूच्या वस्त्राचा व वेदीवरील आच्छादनाचा रंगही ठरलेला. ही व्यवस्था माणसाच्या अंतःकरणाला शिस्त लावते, की त्याला ढोंग शिकवते? गेले वर्षभर हा प्रश्न माझा पाठपुरावा करीत आहे. मी ख्रिस्ती नाही. तेव्हा हा प्रश्न मला का पडावा, हे सांगण्यापूर्वी ही व्यवस्था काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाला ख्रिस्ती वर्षातील दोनच दिवस ठाऊक असतात. कारण नाताळ आणि गुड फ्रायडे हे दोन्ही सुट्टीच्या यादीत असतात. राष्ट्रपती भवनापासून जवळच, नॉर्थ अॅव्हेन्यूजवळ, हेन्री मेड या वास्तुशास्त्रज्ञाने आराखडा केलेले कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आहे. त्याच्यावरून मी कित्येक वर्षे ये-जा केली. परंतु आत जे वर्ष चालते ते बाहेरच्या वर्षाहून निराळे आहे, याची मला कल्पना नव्हती. ते वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. आमच्या कचेरीच्या वर्षाप्रमाणे एप्रिलमध्येही नाही. नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या आरंभी, ते सुरू होते. हा आगमनकाळ, त्याचा रंग जांभळा. नाताळ पांढरा. पुढे काही आठवडे हिरवा रंग येतो आणि मग राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ, म्हणजे लेंट, सुरू होतो. पुन्हा जांभळा. ईस्टरच्या दिवशी पांढरा, तो पन्नास दिवस टिकतो; पन्नासाव्या दिवशी, पेन्टेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या ज्वालांचा लाल. त्यानंतर पुन्हा हिरवा, थेट नोव्हेंबरपर्यंत.

या रंगांत स्वतःसिद्ध असे काही नाही. तिसरा इनोसंट हा ११९८ मध्ये पोप झाला. तत्पूर्वी त्याने लिहिलेल्या ग्रंथात पांढरा, लाल, काळा आणि हिरवा असे चार मुख्य रंग सांगितले आहेत, आणि जांभळा हा काळ्याच्याच वर्गात घातला आहे. १५७० च्या रोमन उपासनाग्रंथाने रंगांचा नियम पश्चिमेत बराचसा पक्का केला. पण तोही अढळ राहिला नाही. गुड फ्रायडेचा रोमन रंग पूर्वी काळा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर झालेल्या सुधारणांत तो लाल झाला. काही अँग्लिकन व लूथरन चर्चांत आगमनकाळाला निळा रंग वापरतात. मिलान शहराच्या अँब्रोसियन पद्धतीत आगमनकाळच मुळी चारऐवजी सहा आठवड्यांचा असतो. आणि आपल्याकडे जो पांढरा रंग शोकाचा, तोच तिथे परमानंदाचा. ईस्टरच्या रविवारी शुभ्र वेदी पाहताना माझ्यासारख्या माणसाच्या मनात क्षणभर गोंधळ उडतो. अर्थ रंगात नसतो, तो माणसांनी परस्परांत केलेल्या करारात असतो, हे यावरून दिसते. प्रश्न असा की, रंगाचा अर्थ जसा कराराने ठरवता येतो, तसा भावनेचा दिवसही कराराने ठरवता येईल काय?

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांना सुचला नाही असे मुळीच नाही. उलट त्यांनी तो आपल्याहून कठोरपणे विचारला आहे. दिवस, महिने आणि ऋतू पाळणाऱ्यांविषयी संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात चिंता व्यक्त केली आहे. इंग्लंडमधील प्युरिटन पंथीयांनी हाच धागा पकडला. ज्या सणांची आज्ञा बायबलमध्ये नाही ते माणसाने निर्माण केलेले आहेत, आणि ईश्वराने दिलेला दिवस म्हटला तर केवळ आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, असे त्यांचे म्हणणे. १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आणि पेन्टेकॉस्ट हे सण रद्द केले. १६६० मध्ये राजसत्ता परत आली तेव्हा सणही परत आले. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविण्यात आला. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. या लोकांना आनंदाचा द्वेष होता असे समजणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे एवढेच की, जो पश्चात्ताप बुधवारी सुरू होऊन चाळीस दिवसांनी संपतो तो पश्चात्ताप नव्हे. आणि ज्याला खरोखर पश्चात्ताप झाला आहे त्याला बुधवारची वाट पाहण्याचे कारण नाही.

या युक्तिवादात मोठे बळ आहे. एके काळी मी तो शब्दशः मान्य केला होता. किंबहुना प्युरिटनांचे नावही नीट ठाऊक नसताना मी तो स्वतःच्या घरात आचरणात आणला होता.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात माझे वडील गेले. तार-टपालाचे दिवस गेले. भावाचा फोन आला, रात्रीची गाडी मिळाली. गावी पोहोचलो तो सर्व तयारी झालेली होती. थोरला मुलगा म्हणून जे करावयाचे ते मी तेरा दिवस केले. पण माझ्या डोळ्यांत पाणी आले नाही. लोक येत, रडत, माझ्या पाठीवर हात ठेवीत; आणि मी मनात पिंडांची संख्या आणि परतीच्या गाडीची वेळ मोजीत असे. चौदाव्या दिवशी निघालो आणि मार्चअखेरीच्या फायलींत बुडालो. मला स्वतःची घृणा वाटू लागली. वर्ष सरत आले आणि आईने फोनवर वर्षश्राद्धाची तिथी सांगितली, तेव्हा मी तिला म्हणालो, "आई, जे मनात आलं नाही ते मी हातानं करून दाखवणार नाही. पुन्हा एकदा तेच सोंग मला नको." आई बराच वेळ बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "बरं." श्राद्ध धाकट्या भावाने केले. मी कचेरीत होतो. आपण प्रामाणिकपणे वागलो असे मला वाटत होते, आणि त्या प्रामाणिकपणाचे थोडेसे समाधानही होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आमच्या कचेरीत माझ्याहून वयाने बरेच वडील असे एक मराठी ख्रिस्ती सहकारी आहेत. त्यांचे मूळ गाव अहमदनगर जिल्ह्यातले. आज त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. डबा खाताना मी त्यांच्यापाशी हा विषय काढला. त्या दिवसांत त्यांचा उपवासकाळ चालू होता आणि ते चहा पीत नसत. मी जरा खोचकपणेच विचारले, "चाळीस दिवस दुःख करायचं, असं ठरवून जमतं का हो तुम्हाला?" ते हसले आणि म्हणाले, "आमच्या आजोबांनाही नेमका हाच प्रश्न होता."

त्यांनी सांगितलेली हकीकत मला नवी होती. अहमदनगरला ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये काम सुरू केले, त्याची पालक संस्था बोस्टनची, आणि पंथ काँग्रिगेशनल, म्हणजे त्या जुन्या प्युरिटनांचाच वारस. त्यामुळे माझ्या सहकाऱ्यांच्या आजोबांच्या देवळात जांभळे-पांढरे काही नसे. साधी भिंत, बायबल, प्रवचन आणि मराठी गीते. "आजोबा म्हणत, देवाला कापडाचा रंग कळत नाही," असे ते म्हणाले. पुढे १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक झाल्या. आणि १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्या अँग्लिकन व इतर पंथांसह एका छत्राखाली आल्या. त्या मार्गाने रंगांचे हे वर्ष एका नगरी कुटुंबात दोन पिढ्यांनंतर शिरले. "मग आजोबांचं चुकलं का?" मी विचारले. "नाही. त्यांना रंगांची गरज पडली नाही. मला पडली," ते म्हणाले; आणि थोडे थांबून त्यांनी कारण सांगितले.

त्यांचा थोरला मुलगा आठ वर्षांपूर्वी आजाराने गेला. ईस्टर होऊन दुसरा आठवडा चालू होता. चर्चमध्ये सर्वत्र पांढरा रंग, दर रविवारी पुनरुत्थानाची गीते आणि 'अलेलूया'चा घोष. ते म्हणाले, "मला गाता येईना. पहिल्या रविवारी वाटलं, हे लोक निर्दय आहेत. दुसऱ्या रविवारी वाटलं, मी उठून जावं. पण शेजारचा माणूस गात होता, आणि त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती हे मला ठाऊक होतं. मी नुसता उभा राहिलो. पुढं दहा महिन्यांनी राखेचा बुधवार आला. तोवर सांत्वनाला येणारे केव्हाच आपापल्या कामाला लागले होते. कोणी मुलाचं नाव काढत नव्हतं. त्या दिवशी सगळ्या मंडळीच्या कपाळाला राख होती. मी रडलो, आणि मला कोणी कारण विचारलं नाही."

हे ऐकल्यानंतर त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेलो. वेदी उघडी होती. तिच्यावर कापड नव्हते, फुले नव्हती, दिवा नव्हता. चाळीस दिवस ज्या रंगाने दुःख दर्शविले तो रंगदेखील त्या दिवशी काढून घेतलेला. मला शोक वाटला असे मी म्हणणार नाही. परंतु तिथे कोणी मला शोक वाटून घ्यायला सांगत नव्हते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. उभे राहा, गुडघे टेका, आता गप्प राहा: एवढ्याच सूचना होत्या.

माझ्या मते या प्रश्नाची गुरुकिल्ली येथेच आहे. हे पंचांग भावनेची आज्ञा करीत नाही, कृतीची करते. पाश्चात्त्य परंपरेत उपवासकाळात 'अलेलूया' हा शब्द उच्चारीत नाहीत. एक शब्द गाळणे प्रत्येकास शक्य आहे. दुःखी होणे प्रत्येकास शक्य नाही. शब्द गाळल्यावर त्याच्या जागी जी पोकळी राहते तिच्यात काय येईल, हे त्या-त्या माणसावर सोडलेले असते. काही आलेच नाही तर तो खोटे बोलला असे होत नाही. त्याने फक्त जागा मोकळी ठेवली. ढोंग म्हणजे नसलेला भाव असल्याचे सांगणे. भाव आला तर त्याला बसता यावे म्हणून पाट मांडून ठेवणे हे ढोंग नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, भावनेच्या खरेपणाची कसोटी आपण नेहमी 'आत्ता' या क्षणावर लावतो. आत्ता जे वाटते ते खरे, बाकी सारे सोंग. पण 'आत्ता' हा कोणता मोठा न्यायाधीश लागून गेला आहे? वडील गेले त्या आठवड्यात मला जे वाटले नाही, ते माझ्यात नव्हतेच असे मी कशावरून ठरविले? ठरलेला दिवस या क्षणाच्या हुकूमशाहीला आवर घालतो. सुखात असलेल्याला तो म्हणतो, तुझ्या बाकावर दुःखी माणूस बसला आहे. दुःखात असलेल्याला म्हणतो, तुझ्या वतीने आज दुसरे गातील. माझ्या सहकाऱ्यांच्या शेजारी गाणारा तो माणूस काय अनुभवीत होता हे आपणास ठाऊक नाही. पण तो त्यांच्या वाटणीचेही गात होता, असे मला वाटते.

आणि तिसरी गोष्ट, मर्यादा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत वास्तविक शेहेचाळीस दिवस भरतात. त्यातले सहा रविवार गणतीत धरीत नाहीत, म्हणून चाळीस. शोकाच्या काळातही आठवड्यातून एक दिवस शोकाला सुट्टी. चौथ्या रविवारी तर काही चर्चांत जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र वापरण्याची प्रथा आहे. ज्यांनी हे ठरविले त्यांना माणसाचा स्वभाव चांगला कळला असावा. अमर्याद दुःख माणसाला मोडते, आणि जे दुःख कधी केलेच नाही तेही त्याला आतून पोखरते.

तरीही प्युरिटनांचा आक्षेप पुरता निकालात निघाला असे मी म्हणणार नाही. सवयीने हात चालतो आणि मन निजते, हा अनुभव कोणत्या धर्मात नाही? पण या पंचांगाने तो आक्षेप स्वतःच्याच पोटात घेतला आहे, हे पाहून मला आश्चर्य वाटले. राखेच्या बुधवारी जे वाचन होते त्यात योएल संदेष्टा वस्त्रे न फाडता अंतःकरणे फाडा असे बजावतो. आणि शुभवर्तमानात येशू सांगतो की उपवास करशील तेव्हा तोंड धू, लोकांना तो दिसू देऊ नकोस. हे ऐकवून झाल्यावर त्याच लोकांच्या कपाळाला राख लावतात! ही विसंगती कोणाच्या लक्षात आली नसेल असे नाही. दरवर्षी आधी आक्षेप वाचावयाचा आणि मग विधी करावयाचा, हा क्रम मला विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. आणि ती राख कशाची? पुष्कळ ठिकाणी गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी जयघोषात मिरविलेल्या झावळ्याच जाळून ती करतात. कालच्या उत्सवाचे हे अवशेष आज कपाळावर येतात. उत्सवाविषयी याहून निर्मळ शंका कोणता टीकाकार घेऊ शकेल?

आता त्या हिरव्या रंगाविषयी, कारण माझ्यासारख्या कारकुनाला तोच सर्वात जवळचा. रोमन गणनेप्रमाणे वर्षातले तेहतीस किंवा चौतीस आठवडे सामान्य काळाचे असतात. त्या काळात प्रतीक्षा नाही, जयघोष नाही, पश्चात्तापाचा हंगाम नाही. युरोपात ईस्टर वसंतात येतो, आणि 'लेंट' या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थही वसंत असाच होता. आपल्याकडे तो चैत्र-वैशाखाच्या उन्हात पडतो. परंतु हिरव्या रंगाचा दुसरा, लांब काळ मे किंवा जूनमध्ये सुरू होतो, आणि तेवढा आपल्या पावसाळ्याशी जुळतो. कोणी ठरविले नसताना जुळलेली ही गोष्ट मला आवडते. वर्षाचा बहुतेक भाग असा असावा की ज्यात माणसाकडून कोणत्याही विशेष भावनेची मागणी होत नाही, त्याने रविवारी यावे आणि सोमवारी कामावर जावे, हे एखाद्या धर्माने रंग देऊन मान्य करावे, यात मला मोठी दया दिसते. भावनेची सक्ती करणारे पंचांग असते तर त्यात हिरवा रंग नसता.

गंमत अशी की, आमच्या कचेरीतील हजेरीपटाची तारीखही याच खटाटोपातून आलेली आहे. इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेने ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ठरविले. पुढे वसंतसंपात आणि पौर्णिमा यांच्या हिशेबात दिनदर्शिका घसरत गेली, ती सावरण्यासाठी पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस गाळून ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. आपल्या सरकारने २२ मार्च १९५७ पासून शक पंचांग राष्ट्रीय म्हणून स्वीकारले, तरी पगार ग्रेगरीच्या तारखेनेच होतो. आपण पंचांगाचे बंधन मानीत नाही म्हणणारा मी, दररोज सकाळी अशा पंचांगापुढे सही करीत होतो की जे एका सणाचा दिवस चुकू नये म्हणून दुरुस्त केले गेले. मार्चअखेर मी कधी चुकविली नाही. त्या वेळी मनात तसा भाव आहे की नाही, हे मी स्वतःला विचारले नव्हते. तो प्रश्न मी राखून ठेवला होता फक्त वडिलांसाठी.

माझ्या सहकाऱ्यांनी मला काही उपदेश केला नाही. आजोबांच्या साध्या भिंतीवर त्यांची आजही श्रद्धा आहे, आणि रंगांवरही आहे. या दोहोंचा मेळ त्यांनी कसा घातला हे मी विचारले नाही. मी फक्त आईला फोन केला आणि येत्या फाल्गुनातली तिथी विचारली. तिने ती लगेच सांगितली; पंचांग पाहण्यासाठी ती उठली नाही. रजेचा अर्ज मी दिला आहे. वर्षअखेरीमुळे तो मंजूर होण्यास थोडे प्रयास पडतील. त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईल की नाही हे मला ठाऊक नाही. नाही आले तरी दर्भ हातात घेऊन बसेन, गुरुजी सांगतील तसे पाणी सोडीन. आणि भाऊ शेजारी बसलेला असेल.